पुलावर अडवलं तिथपासून चॅप्टर बंद होईपर्यंत

२०२४ चा ऑगस्ट संपत आलेला, गणपती आठ-दहा दिवसांवर. मी औषधांच्या होलसेल दुकानात बिलिंगला आहे, शटर पडायला साडेदहा होतात, मग गाडी काढून पुलावरून वस्तीत यायला वीस मिनिटं. त्या रात्री पुलाच्या अलीकडे नाकाबंदी होती, पिवळे बॅरिकेड तिरपे लावलेले आणि मोठे लाईट. ह्यात नवीन काही नाही, सणाच्या आधी असतेच. लायसन्स दाखवलं, पीयूसी दाखवली, पत्ता विचारला तो सांगितला, आणि वस्तीचं नाव ऐकल्यावर मागे उभा असलेला साध्या कपड्यातला माणूस पुढे आला. डीबीचा, म्हणजे पोलिसांच्या गुन्हे शोध पथकाचा असणार, हे आम्हाला लहानपणापासून कळतं. त्याने स्वतःच्या फोनवर काहीतरी वर-खाली केलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "गाडी साईडला घे. डिकी उघड."

डिकीत डबा, रेनकोट आणि एक कटर. औषधांचे बॉक्स फोडायचा साधा पिवळा कटर, पातं पुढे सरकवायचं असतं तो, त्याच्या पात्याला बॉक्सच्या टेपचा चिकट डिंक लागून काळा थर बसलेला. दुकानात दोन कटर आहेत आणि दोन्ही सारखे हरवतात म्हणून मी माझा वेगळा घेतला होता, खिशात ठेवला तर टोचतो म्हणून डिकीत टाकायचो. त्यांनी तो उचलून लाईटखाली धरला, पातं पुढे केलं, मागे केलं. "हे काय?" म्हटलं साहेब बॉक्स फोडायचा कटर, दुकानात काम करतो. "कुठल्या दुकानात, मालकाचा नंबर दे." दिला. मालक दहालाच फोन बंद करून झोपतो. तीनदा लावला, तीनदा बंद.

मग त्याने फोनची स्क्रीन माझ्यासमोर धरली. २०२२ चा व्हिडिओ, आमच्या गल्लीतल्या एकाचा वाढदिवस, टेबलावर पाच केक आणि तो कोयत्याने कापतोय. मागच्या रांगेत डाव्या बाजूला मी, हातात कागदाची प्लेट. त्या व्हिडिओवरून तेव्हाच गुन्हा दाखल झाला होता, चार जणांवर, त्यात माझं नाव नव्हतं, मला साधं चौकशीलाही बोलावलं नव्हतं. पण फोटो कापून ठेवलेला, त्याच्याभोवती लाल गोल आणि खाली त्या पोराच्या नावाची गँग म्हणून लिहिलेलं. दोन वर्षं मी त्या गोलात होतो आणि मला माहीतच नव्हतं.

पुढे लिहायच्या आधी एक सांगतो, कारण आमच्याकडचं कोणी असं काही लिहिलं की लोक म्हणतात तुम्हाला पोलीस नकोच असतात. मला पोलीस हवेत. २०२३ च्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत रात्री दीड वाजता पाच-सहा पोरं कोयते घेऊन आली आणि पार्किंगमधल्या अकरा गाड्या फोडून गेली, त्यात माझ्या आईची स्कूटी होती, जिच्यावर ती सकाळी पोळ्यांची कामं करत फिरते. सीट उभी चिरलेली, हेडलाईटचा चुरा. पुण्यात २०२२ च्या शेवटापासून कोयता गँग हा शब्द रोज पेपरात यायला लागला, आमच्याकडे पण तीच हवा. आई अजून रात्री नळाला एकटी जात नाही. त्यामुळे पुलावर नाकाबंदी लागली की मला राग येत नाही, बरंच वाटतं. माझं म्हणणं एवढंच आहे की थांबवल्यानंतर जे होतं ते कागदावर येत नाही, आणि जे कागदावर येतं ते आपल्याला दाखवत नाहीत.

तर मला चौकीत नेलं. माझीच गाडी, मागे एक शिपाई बसला. चौकीत बाकावर आधीच सात-आठ पोरं होती, दोघं ओळखीची. कोणी ओरडलं नाही, कोणी हात लावला नाही, हे मुद्दाम लिहितोय कारण तेही खरं आहे. एका मामांनी तर पाणी विचारलं. एकेकाला उभं करून नाव, पत्ता, बापाचं नाव, धंदा, मित्रांची नावं, टोपणनाव. टोपणनाव नाही म्हटलं तर म्हणाले असतंच, घरी काय म्हणतात? घरी बाळ्या म्हणतात. मग ते "उर्फ बाळ्या" झालं. ते "उर्फ" लिहिताना मी पाहत होतो आणि पोटात गोळा आला, कारण पेपरात "उर्फ" कोणाच्या नावापुढे असतं ते सगळ्यांना माहिती आहे. मग भिंतीला टेकून फोटो, समोरून, डावीकडून, उजवीकडून. शर्टाची बाही वर करून हातावर टॅटू आहे का ते बघितलं, आईचं नाव आहे मनगटावर, त्याचा फोटो. दहा बोटांचे ठसे. आणि शेवटी छापील फॉर्मवर सही, ज्याच्या अर्ध्या जागा रिकाम्या होत्या. मी विचारलं काय आहे हे, तर "नेहमीचं आहे, कर आणि जा". केली. अडीच वाजता सोडलं. कटर ठेवून घेतला, त्याची पावती नाही. मी तिथे साडेतीन तास होतो ह्याचा माझ्या हातात एक चिठोराही नव्हता.

घरी आई दारात बसलेली. ती काही बोलली नाही, फक्त बोटांना लागलेली शाई बघितली आणि रॉकेलचा बोळा घेऊन आली.

बारा-तेरा दिवसांनी, गणपती बसलेले असताना, दुपारी नोटीस आली. मी कामावर होतो, आईने सही करून घेतली. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता कलम १२९ खाली, अमुक तारखेला एसीपी, म्हणजे सहायक पोलीस आयुक्तांच्या ऑफिसात हजर राहा, चांगल्या वर्तणुकीसाठी बंधपत्र का घेऊ नये ते सांगा. नवा कायदा १ जुलै २०२४ ला लागू झाला होता त्यामुळे कागदावर १२९ छापलेलं, पण तोंडात सगळ्यांच्या जुन्या कायद्यातलं कलम ११०च, "एकशेदहाचा चॅप्टर", म्हणजे चांगलं वागण्याची हमी लिहून घ्यायची कार्यवाही. वस्तीत चॅप्टर म्हटलं की पुढचं कोणाला समजावून सांगावं लागत नाही. नोटिशीत मजकूर असा की सदर इसम टोळीचा सक्रिय सदस्य असून कोणताही कामधंदा करत नाही, परिसरात दहशत निर्माण करतो, भीतीपोटी लोक तक्रार द्यायला पुढे येत नाहीत. कामधंदा करत नाही! माझा चार वर्षांचा पीएफ कापला जातोय. शेजारच्या गल्लीतल्या ओळखीच्या पोराची नोटीस आणून शेजारी ठेवली तर नाव-वय सोडून ओळ न् ओळ तीच.

पहिल्या तारखेला मी एकटाच गेलो, कारण सगळे म्हणाले काही नसतं, बॉण्ड लिहून द्यायचा आणि यायचं. एसीपी ऑफिसबाहेर झाडाखाली टायपिंगवाला बसलेला, त्याच्याकडे बॉण्डचे कागद तयार, जामीनदार पण तोच मिळवून देतो, पैसे सांगतो. रांगेत पन्नाशीचा एक पारधी समाजाचा माणूस माझ्या पुढे होता, म्हणाला मी दर सणाला येतो, माझा बाप पण यायचा. पारध्यांसारख्या जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमातीचा कायदा १९५२ साली गेला, आणि हा माणूस २०२४ मध्ये रांगेत मला जामीनदार कुठे मिळतो ते समजावून सांगत होता, इतक्या शांतपणे की मला त्याच्याकडे बघवेना. त्याच्या मागे एक पोरगा तडीपारीच्या नोटिशीवाला, महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ चं कलम ५६, दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर काढू शकतात, आणि त्यात साक्षीदारांचे जबाब गोपनीय. त्याचं लग्न ठरलेलं.

मी पण सही करणार होतो. पेन हातात होता. मालकाचा फोन आला म्हणून बाहेर गेलो, आणि मालक, जो माणूस त्या रात्री फोन बंद करून झोपला होता आणि त्याचं त्याला फार लागलं होतं, तो म्हणाला वकील केल्याशिवाय कशावर सही करू नकोस, आज फक्त तारीख माग. तारीख मागितली, मिळाली. मग दुसऱ्या दिवशी जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे मोफत वकील देणाऱ्यांच्या, ऑफिसात गेलो, उत्पन्नाचा दाखला, आधार, नोटिशीची झेरॉक्स दिली, आणि आठवड्याभरात एक वकील मॅडम मिळाल्या.

मॅडमनी आधी मला तासभर नुसतं बोलू दिलं, वहीत वेळा लिहून घेतल्या, किती वाजता अडवलं, किती वाजता सोडलं, कोणाकोणाला फोन केला, कॉल लॉगचे स्क्रीनशॉट काढायला लावले. मग एकेक गोष्ट सांगितली. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथे सविस्तर लिहितो. पोलीस रस्त्यात थांबवू शकतात, नाव-पत्ता विचारू शकतात, गाडीचे कागद बघू शकतात, बंदोबस्तात त्यांनी दिलेली कायदेशीर सूचना पाळावीच लागते, तिथे वाद घालायचा नाही. रात्री संशयास्पद अवस्थेत सापडला, जवळ हत्यार आहे, चेहरा झाकलाय, तर त्यासाठी महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम १२२ वेगळं आहे, पण तो गुन्हा आहे, मग रीतसर लिहावं लागतं. चौकशीला बोलवायचं तर लेखी बोलवायचं असतं. अटक करायची तर कारण सांगायचं, घरच्यांना कळवायचं, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर न्यायचं, डी. के. बसू खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९९६ साली अकरा सूचना घालून दिल्यात, त्यात अटकेचा मेमो पण आहे. प्रतिबंधात्मक अटक नव्या संहितेच्या कलम १७० ची, जुन्या कायद्यातली १५१, ती पण चोवीस तासांच्या पुढे नाही. तपासात दिलेल्या जबाबावर आपली सही घ्यायचीच नसते. मॅडम म्हणाल्या, "तुझी ना अटक आहे, ना समन्स आहे. कायद्याच्या हिशोबात तू त्या रात्री चौकीत गेलाच नाहीस. मग फोटो आणि ठसे कोणाचे घेतले?"

ठशांचं प्रकरण मला सगळ्यात जास्त लागलं. २०२२ ला नवा कायदा आलाय, ओळख पटवण्यासाठी मोजमापं घेण्याचा, १९२० च्या जुन्या कायद्याच्या जागी. ही नोंद ७५ वर्षं ठेवता येते. मी तेवीस वर्षांचा आहे. पण तो कायदा शिक्षा झालेले, अटक झालेले, स्थानबद्ध केलेले, आणि ज्यांच्याकडून मॅजिस्ट्रेटने आदेश देऊन बंधपत्र मागितलंय त्यांच्यासाठी आहे. ऑगस्टच्या त्या रात्री मी ह्यातला कोणीच नव्हतो.

चौकीतला एकजण मला "जास्त बोललास तर मोक्का लागेल" असं म्हणाला होता, तेही मी मॅडमना सांगितलं, कारण रात्री झोपताना तेच डोक्यात यायचं. त्या म्हणाल्या १९९९ चा मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा, असा रस्त्यात लागत नाही. टोळीवर मागच्या दहा वर्षांत एकापेक्षा जास्त आरोपपत्रं आणि त्यांची कोर्टाने घेतलेली दखल लागते, डीआयजी, म्हणजे पोलीस उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची आधी मंजुरी लागते. मी घरी येऊन आईला हे तीनदा सांगितलं. तिला कायदा कळला नाही पण माझा आवाज नीट झालाय हे कळलं असावं, त्या दिवशी ती पोटभर जेवली.

आता चॅप्टरची सुनावणी. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात एसीपीलाच विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात, म्हणजे माझ्याविरुद्ध प्रस्ताव पाठवणारं खातं आणि त्यावर निर्णय देणारी खुर्ची एकाच इमारतीत. मला ही गोष्ट अजून पटलेली नाही, समोरचे साहेब व्यक्ती म्हणून कितीही सभ्य असोत, आणि ते होते. मॅडमनी लेखी उत्तर दिलं. त्यात पगाराच्या स्लिपा, पीएफचं पासबुक, मालकाचं शपथपत्र, बॉक्स फोडायच्या कटरचं दुकानाच्या नावाचं बिल, आणि २०२२ च्या गुन्ह्याच्या एफआयआरची प्रत ज्यात माझं नाव नाही. मुद्दा साधा होता, कलम १२९ हे सराईत माणसासाठी आहे, म्हणजे पुन्हा पुन्हा करणारा, आणि एका फोटोत उभं राहणं म्हणजे सवय नाही. त्यात बंधपत्र तीन वर्षांपर्यंतचं असू शकतं, ते देता आलं नाही तर जेल. त्यामुळे आधी मिळालेल्या माहितीचा सारांश लेखी द्या, मग साक्षी-पुरावा घ्या, मग आदेश करा, हा क्रम कायद्यातच आहे. मॅडमनी १९७० चा मधू लिमयेंचा निकाल जोडला, सात न्यायाधीशांचा, ज्यात कायद्यातलं हे सगळं प्रकरणच राज्यघटनेत बसतं असं ठरलं पण त्याचबरोबर क्रम पाळलाच पाहिजे हेही ठरलं. मधू लिमये म्हणजे आपले पुण्यात जन्मलेले, हे मला माहीत नव्हतं, मॅडमनी सांगितलं तेव्हा बरं वाटलं का ते सांगता येणार नाही पण वाटलं. आणि मे २०२४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, हिस्ट्रीशीटबद्दलचा, म्हणजे पोलीस ठेवतात त्या सराईतांच्या नोंदीबद्दलचा, की मागास, गरीब समाजातून आलाय एवढ्यावरून निरपराध माणसाची नोंद यांत्रिकपणे करू नका. तो मी स्वतः मोबाईलवर मोठ्याने वाचून आईला आणि पप्पांना ऐकवला.

मग तारखा. ऑक्टोबरच्या मध्यात विधानसभेची आचारसंहिता लागली, एसीपी ऑफिस बंदोबस्तात, तारीख पुढे. २० नोव्हेंबरला मतदान, तारीख पुढे. प्रत्येक तारखेला अर्धा दिवस जातो, मालकाने पगार कापला नाही पण बाकीच्यांना मी दर पंधरा दिवसांनी कुठे जातो हे कळलं होतंच, आणि एकाने माझ्यासमोर गल्ल्याला कुलूप लावलं. मुद्दाम केलं असेल असं नाही. पण मी तो आवाज विसरलेलो नाही.

जानेवारीत एकदाची साक्ष झाली. बीटवरचे हवालदार आले, वयस्कर, थकलेले, रात्रपाळी करून आलेले दिसत होते. त्यांनी वाचून दाखवलं की सदर इसम टोळीत वावरतो. मॅडमनी विचारलं कुठल्या तारखेला, कोणाला धमकावलं, कुठला गुन्हा? ते कागद चाळत राहिले. म्हणाले रेकॉर्ड बघून सांगतो. मॅडमनी विचारलं तुम्ही ह्याला स्वतः कधी पाहिलंय? ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले, आणि म्हणाले, "हा मेडिकलच्या मालाचे बॉक्स उतरवताना दिसतो." टायपिस्टने लिहून घेतलं. त्या माणसाला खोटं बोलणं सोपं होतं आणि तो बोलला नाही. बाहेर आल्यावर मी त्यांना पाया पडायला वाकलो तर त्यांनी हात धरला, जा म्हणाले.

त्यानंतर पुढची तारीख लागली ती थेट मार्चअखेर. चौकशी सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत संपली नाही आणि दंडाधिकाऱ्यांनी खास कारणं लिहून ती वाढवली नाही तर कार्यवाही आपोआप संपते, हे नव्या संहितेच्या कलम १३५ मध्ये आहे. मॅडमनी अर्ज केला, आणि एप्रिल २०२५ मध्ये दोन ओळींचा आदेश हातात आला, कार्यवाही बंद करण्यात येत आहे. निर्दोष वगैरे काही नाही, मुदत संपली म्हणून बंद. मला वाटलं होतं त्यात हवालदारांचं ते वाक्य असेल. नव्हतं.

तडीपारीवाल्या पोराचं लग्न पुढे ढकललं. त्याला जिल्ह्याबाहेर काढलं, त्याने तीस दिवसांत सरकारकडे अपील केलंय, आणि मॅडमनी त्याला २०२२ चा जालन्याचा निकाल दिलाय ज्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की तडीपारी हा असाधारण उपाय आहे, तो जपून वापरा. त्या पोरावर दोन मारामाऱ्यांच्या केसेस खऱ्या आहेत. तो धुतल्या तांदळासारखा आहे असं मी म्हणत नाही, पण गोपनीय जबाब कोणाचे ते त्याला कधीच कळणार नाही आणि त्याला उत्तर कसं द्यायचं, हा प्रश्न त्याच्यासाठी पण तितकाच खरा आहे.

कोणाला रात्री असं थांबवलं तर माझं सांगणं, शांत राहा, खरं नाव-पत्ता द्या, पळू नका, गाडीचे कागद जवळ ठेवा. चौकीत नेलं तर लगेच घरी फोन करा, म्हणजे वेळेची नोंद तुमच्या फोनमध्ये राहते. रिकाम्या जागा असलेल्या कागदावर सही करू नका, करावीच लागली तर रिकाम्या जागेवर रेघ मारा आणि सहीखाली तारीख-वेळ टाका. आणि चॅप्टरची नोटीस आली तर झाडाखालच्या टायपिंगवाल्याकडे जायच्या आधी विधी सेवावाल्यांकडे जा.

माझे फोटो आणि ठसे नष्ट करावेत म्हणून मे महिन्यात अर्ज दिलाय, आदेशाची प्रत जोडून. कटर परत मागितलाय त्याच अर्जात, चाळीस रुपयांचा आहे पण मागितलाय. आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोचपावती मिळाली, तारखेसकट, वेळेसकट. नोटीस सोडली तर ह्या सगळ्या प्रकरणात न मागता मला मिळालेला तो पहिला कागद. दोन स्मरणपत्रं गेली आहेत, तिसरं ह्या सोमवारी देणार आहे.